आधीच लावलेली टिक

ऑर्डरचं ते पान गुद्रुन क्लेफिशने स्वतःच्या हाताने उभं केलं होतं आणि त्याला कुणी परस्पर हात लावलेला तिला खपत नसे.

कलोनच्या एहरेनफेल्ड भागात, एका सुतारखान्याच्या वरच्या दोन मजल्यांवर 'रेगाल' नावाची कंपनी होती. रेगाल स्वतः एकही सॉफ्टवेअर बनवत नसे. घरी बसून प्रोग्राम लिहिणारी माणसं जगभर पसरलेली असतात. कुणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यांसाठी लिहितो, कुणी मधमाश्या पाळणाऱ्यांसाठी, कुणी विणकामाच्या नक्ष्यांसाठी. या मंडळींना प्रोग्राम लिहिता येतो, पण विकायचं म्हटलं की ती हात वर करतात. कार्डावरून पैसे कसे घ्यायचे, कुठल्या देशाचा कर किती लावायचा, गिऱ्हाइकाला प्रोग्राम चालू करायचा नंबर कसा पाठवायचा, आणि तो हरवला की त्याच्याशी फोनवर कोण बोलायचं? हे सगळं रेगाल करायची. माल त्यांचा, दुकान रेगालचं.

हार्टविग एसरने हा उद्योग आपल्या स्वयंपाकघरात सुरू केला तेव्हा गुद्रुन त्याच्याकडे लागलेलं तिसरं माणूस. कंपनीच्या साइटवर गिऱ्हाईक शेवटी ज्या पानावर पोचतं, जिथे नाव, पत्ता, कार्ड भरून बटण दाबतं, ते पान तिचं. इतक्या वर्षांत तिने ते अनेकदा पाडलं आणि पुन्हा बांधलं. ते इतकं साधं ठेवलं होतं की बावेरियातल्या कुठल्याशा खेड्यातली आजीबाईसुद्धा न अडखळता बटणापर्यंत पोचायची. गुद्रुनला हे कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. कलोनच्याच निप्पेस भागात तिच्या आईची टपरी होती. सिगारेट, बिअर, वर्तमानपत्रं आणि काचेच्या बरण्यांत गोळ्या. पोरं खिडकीशी चवड्यांवर उभी राहायची आणि बोट दाखवत सांगायची, दोन लाल, एक आंबट, ती नको, ती शेजारची. आई सांगितलेल्या तेवढ्याच गोळ्या पुडीत टाकायची. गुद्रुनचं शिक्षण ते.

फुटबॉल विश्वचषकाचा उन्हाळा संपला आणि हार्टविगने कंपनी विकली. विकली तीही ड्युसेलडॉर्फच्या लोकांना! कलोनच्या माणसाला जगाच्या पाठीवरचं कुठलंही गाव चालतं, हे एक सोडून. तिथली बिअर काळी, तिथली माणसं इस्त्री केलेली, आणि ऱ्हाईन नदी तिथे पोचते तीसुद्धा आपण वापरून सोडल्यावर, असं इथे लहान पोरही सांगेल. हार्टविग सगळ्यांना जमवून म्हणाला, "काही बदलणार नाही. दारावरची पाटीसुद्धा तीच." पाटी खरोखर तीच राहिली.

नव्या मालकांनी कारभार बघायला डॉक्टर फोल्कमार टेबे यांना पाठवलं. चाळिशीचा, सडसडीत, कधी आवाज न चढवणारा माणूस. तो सगळ्यांची नावं पहिल्याच दिवशी पाठ करून आला होता. जानेवारीत त्याने गुद्रुनला सांगितलं की ऑर्डरच्या पानावर एक नवी गोष्ट विकायची आहे. पुन्हा डाउनलोडची हमी. म्हणजे घेतलेला प्रोग्राम पुढेमागे हरवला, कॉम्प्युटर बिघडला, तर दोन वर्षं तो पुन्हा उतरवून घेता येईल. त्याबद्दल थोडे पैसे जास्त.

गुद्रुनला हसू आलं. कारण प्रोग्राम हरवला म्हणून कुणाचा फोन आला, तर खालच्या हॉलमध्ये फोन घेणारी नुरहान अक्सॉय आणि तिच्या हाताखालच्या बायका तो आजवर फुकटच पुन्हा पाठवत आल्या होत्या. पण मालकाने सांगितलं म्हणून तिने पानावर एक ओळ घातली, ओळीपुढे एक रिकामा चौकोन ठेवला. हवी असेल त्याने टिक करावी.

दोन आठवड्यांनी टेबेने तिला काचेच्या खोलीत बोलावलं.

"क्लेफिशबाई, तो चौकोन रिकामा का आहे?"

"ज्याला हमी हवीय तो टिक करेल ना, डॉक्टर."

"कुणी करत नाही."

"मग कुणाला नकोय."

टेबे हसला. तो मनापासून हसायचा, हीच त्याच्याशी भांडायला अडचण होती. "टिक आधीच लावून ठेवा. नको असेल तो काढेल. सगळी दुकानं हेच करतात. यात लपवाछपवी कसली? लिहिलेलं आहे, वाचता येतं, काढता येतं."

"माझ्या आईची टपरी आहे. समजा, तुम्ही तिच्याकडे सिगारेटचं पाकीट मागितलंत. तिने पिशवीत एक लायटरही सरकवला आणि त्याचेही पैसे लावले. वर म्हणाली, पिशवीत दिसत होता की, काढून ठेवायचा होतात. तर?"

"मी सिगारेट ओढत नाही," टेबे म्हणाला.

"मी ते करणार नाही."

"जमणार नाही, की करणार नाही?"

"जमायला काय, एका अक्षराचं काम आहे. करणार नाही."

टेबेने मान हलवली, जणू तिने सुट्टीचा अर्ज दिला होता. "ठीक आहे. आमच्याकडची माणसं करतील."

आणि केलं. सोमवारी सकाळी गुद्रुन कामावर आली तर सगळ्या पानांवर टिक लागलेली. ओळही पार तळाशी नेलेली, अक्षरं बारीक आणि करडी. तिने कोटसुद्धा न काढता खुर्ची ओढली आणि टिक काढून टाकली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती पुन्हा लागली. गुद्रुनने सूप प्यायलं, परत आली, पुन्हा काढली. मग हा खेळच झाला. तिकडून लावायचे, इकडून ही काढायची. खालून नुरहान फोन करून विचारायची, "काय गं, सध्या कोण जिंकतंय? कलोन का ते दुसरं गाव?" गुरुवारी गुद्रुनने पासवर्ड टाकला आणि पानाने तिला ओळखच दाखवली नाही. तिने पुन्हा टाकला, सावकाश, एकेक अक्षर बघून. स्वतःच्याच घराच्या दाराबाहेर उभं राहिल्यासारखं तिला वाटलं.

रविवारी ती आईकडे गेली. फिनखेन क्लेफिश पंचाहत्तरीला टेकली होती, पण टपरीची खिडकी अजून तीच सांभाळायची. गुद्रुनने बिअरचे रिकामे क्रेट मागे रचून ठेवता ठेवता सगळं सांगितलं.

"मग? ओरडलीस की नाही?"

"नाही ओरडले."

"का? घसा बसलाय?"

"आई, तो माणूस ओरडण्याजोगा नाही. भिंतीशी बोलल्यासारखं होतं. गोड भिंत."

आईने एका गिऱ्हाइकाला वर्तमानपत्र दिलं, चिल्लर परत केली, मग मागे न वळता म्हणाली, "तुझं वय पन्नासला आलं. घराचे हप्ते अजून चालू आहेत. आता या वयात दुसरीकडे कोण तुला दारात उभं करतंय? खरं तर आई म्हणून मी तुला सांगायला हवं, गप्प बस."

"मग सांग."

"गप्प बस. झालं, सांगितलं. आता बोल, उद्या काय करणार आहेस?"

उद्या काय करायचं ते गुद्रुनला ठाऊक नव्हतं. ते आल्विन कॉटमानने ठरवून दिलं.

कॉटमान गेल्सनकिर्खेनचा. उमर कोळशाच्या खाणीत गेली, आणि खाण बंद पडल्यावर हा माणूस कॉम्प्युटरपुढे बसून शिकला. शर्यतीच्या कबुतरांचा प्रोग्राम त्याने लिहिला होता. कुठलं कबुतर कधी सुटलं, कधी घरी पोचलं, कुणाची आई कोण, बाप कोण, सगळं त्यात. रूरच्या खोऱ्यातले निम्मे कबुतरवाले तो वापरत आणि तो रेगालच्या दुकानातून विकत घेत. मंगळवारी सकाळी हा माणूस न कळवता रेगालच्या दारात उभा राहिला. अंगात रविवारचा कोट, हातात डब्याची पिशवी.

"मला मालकाला भेटायचंय."

टेबे बाहेर आला, हात पुढे केला, म्हणाला, "कॉटमानसाहेब, तुमची जी काही तक्रार असेल ती ईमेलने पाठवा. आम्ही नक्की लक्ष घालू."

"मी रेल्वेने आलोय. आता काय, ईमेलने परत जाऊ?"

खालच्या हॉलमधल्या बायका हेडफोन बाजूला सारून ऐकायला लागल्या. गुद्रुन जिन्यावरून खाली आली आणि त्याला चहा-कॉफीच्या खोलीत घेऊन गेली. टेबेही मागोमाग आला.

कॉटमानने कप दोन्ही हातांत धरला पण प्यायला नाही. "माझ्या क्लबातली माणसं सत्तरीच्या पुढची, बाई. त्यांना इंटरनेटची भीती वाटते. मी एकेकाच्या शेजारी बसून सांगितलं, इथे नाव लिही, इथे नंबर लिही, खाली बटण दाब, काही होत नाही, ओळखीचं दुकान आहे. माझ्या शब्दावर दाबलं त्यांनी. आता बँकेच्या कागदावर जास्तीचे पैसे गेलेले दिसले. म्हणतात, आल्विनने आपल्या खिशात हात घातला. परवा क्लबात मी गेलो, एकाने माझ्याशी हात मिळवला नाही. खाणीत त्याच्या शेजारी उभं राहून मी आयुष्य काढलंय."

"गैरसमज आहे," टेबे म्हणाला. "आम्ही प्रत्येकाला पैसे परत करू. फोन केला की लगेच."

"आणि जो फोन करणार नाही तो?"

टेबे साखरेचा डबा सरळ करून ठेवायला लागला.

गुद्रुनने विचारलं, "कॉटमानसाहेब, तुमच्या पानावर ती टिक तुम्हाला हवी का?"

"नको."

"ऐकलंत, डॉक्टर?"

"एकेका माणसासाठी वेगळं पान करता येत नाही, क्लेफिशबाई."

"येतं. माझं तेच काम आहे."

"होतं," टेबे म्हणाला. तोही जरा चपापला असावा, कारण त्याने लगेच घड्याळ बघितलं आणि तो निघून गेला.

त्या एका शब्दाने गुद्रुनच्या डोक्यातला गोंधळ निवळला. पानाला हात लावता येत नाही, ठीक. फोन तर टेबलावर आहे. कॉटमानला स्टेशनच्या बसमध्ये बसवून ती जागेवर आली आणि प्रोग्रामवाल्यांना एकामागून एक फोन करायला लागली. दार उघडं टाकून, खणखणीत आवाजात.

"नमस्कार, रेगालमधून गुद्रुन क्लेफिश बोलतेय. तुमच्या पानावर खाली एक टिक लावलेली आहे. मी लावलेली नाही. तुमच्या गिऱ्हाइकाने न मागितलेली वस्तू त्याच्या गळ्यात पडतेय, आणि पानावर नाव तुमच्या प्रोग्रामचं आहे. एकदा बघून घ्या. काय वाटतं ते डॉक्टर टेबेंना कळवा, त्यांचा नंबर देते, लिहून घ्या."

काही जण हादरले, त्यांना पत्ताच नव्हता. विणकामाच्या नक्ष्यांवाली बाई तर फोनवरच रडकुंडीला आली. काही जणांनी "बघतो" म्हणून विषय मिटवला. आणि एकाने सरळ सांगितलं, "बाई, त्यातला वाटा मलाही मिळतोय. माझ्या पोटावर कशाला येता?" गुद्रुन त्याला म्हणाली, "ठीक आहे, निदान तुमच्या गिऱ्हाइकांना असं तोंडावर सांगा," आणि पुढचा नंबर फिरवला. दुपारपर्यंत काचेच्या खोलीतला फोन वाजायला लागला तो थांबेना.

दुसऱ्या दिवशी तिला लेखी ताकीद मिळाली. कंपनीला नुकसान पोचवणारं वर्तन, पुन्हा घडल्यास नोकरी जाईल, वगैरे. गुद्रुनने तो कागद कॉफीच्या मशीनच्या वर, सगळ्यांना दिसेल असा चिकटवला. संध्याकाळी बघते तर त्याखाली नुरहानने जाड पेनने लिहिलं होतं, 'मीसुद्धा गिऱ्हाइकांना सांगते.' आणि तिच्या नावाखाली हॉलमधल्या बाकीच्या बायकांची नावं.

"तुला दोन मुलं आहेत," गुद्रुन तिला म्हणाली.

"म्हणूनच," नुरहान म्हणाली. "दिवसभर लोकांच्या शिव्या मी खाते, टेबे नाही. काल एक म्हातारा मला चोर म्हणाला. माझ्या बापाने फोर्डच्या कारखान्यात जन्म घालवला, त्याला कुणी चोर म्हणालं नाही. मी का ऐकून घेऊ?"

मग हार्टविग आला. कंपनी विकल्यापासून तो सल्लागार होता, म्हणजे महिन्यातून एकदा यायचा आणि कुणाच्या नजरेला नजर द्यायचा नाही. तो तिला कोपऱ्यावरच्या बिअरच्या जुन्या खाणावळीत घेऊन गेला. निळ्या एप्रनमधल्या वेटरने न विचारता दोन बारके ग्लास आणून आदळले.

"गुद्रुन, मी तुझ्या बाजूने आहे."

"बरं वाटलं ऐकून. मग तिकडे वरती सांग."

"ऐकून तर घे. मी त्यांच्याशी बोललोय. तू आपण होऊन राजीनामा दिलास तर ते तुला चांगल्या रीतीने जाऊ देतील. शिफारसपत्र, निरोपसमारंभ, सगळं."

"मला कुठे जायचंय?"

हार्टविगने ग्लास रिकामा केला. वेटरने जाता जाता दुसरा ठेवला. हार्टविगने त्याकडे बोट दाखवलं. "हे बघ. मी मागवली होती? नाही. ग्लास रिकामा झाला की हा दुसरा आणतो. नको असेल तर ग्लासखालचा पुठ्ठा ग्लासवर ठेवायचा. आख्खं कलोन शेकडो वर्षं असंच पितंय. इथे तुला फसवणूक दिसत नाही?"

उदाहरण चपखल होतं, आणि त्याचा गुद्रुनला राग आला. मग ती म्हणाली, "तो ग्लास माझ्या नाकापुढे आणून ठेवतो, हार्टविग. पिते मी, दर ग्लासाला पुठ्ठ्यावर तो ओढतो ती पेन्सिलीची रेघ बघते मी. तुझ्या पानावरची ओळ वाचायला नुरहानच्या बायकांना चष्मा लागला."

"माझं पान नाही ते आता."

"हेच मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू विकलीस याचा राग नाही मला. तू थकला होतास, मला दिसत होतं. पण तू आम्हाला सांगितलंस, काही बदलणार नाही. तेव्हा तुला माहीत होतं?"

हार्टविग टेबलाच्या लाकडावर नखाने रेघा ओढत राहिला. "विचारलं नव्हतं मी," तो शेवटी म्हणाला. "विचारलं असतं तर विकता आली नसती."

गुद्रुनने आपल्या ग्लासवर पुठ्ठा ठेवला आणि कोट घातला.

कार्निव्हलचा गुरुवार आला. या दिवशी कलोनमध्ये बायकांचं राज्य असतं. सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटांनी बायका कात्र्या घेऊन निघतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. रेगालमध्येही नुरहान चाच्याच्या वेषात, डोळ्यावर पट्टी लावून फोन घेत होती. शेजारी दोन मधमाश्या आणि एक जाडजूड नन बसली होती. टेबलांवर मुरांबा भरलेल्या बर्लिनर डोनटांच्या परड्या होत्या. गुद्रुनने फक्त कलोनच्या लाल-पांढऱ्या रंगांचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातला होता. आज काहीतरी होणार हे तिला कळलं होतं, आणि विदूषकाचं नाक लावून तिला त्याला सामोरं जायचं नव्हतं.

टेबे आला तो कंपनीच्या एका वकिलाला बरोबर घेऊन. दोघांच्याही गळ्यात टाय नव्हता. टेबेने गळाबंद स्वेटर घातला होता.

"काय हे, डॉक्टर!" नुरहान कात्री करकर वाजवत ओरडली. "टाय घरी लपवून आलात? इतके घाबरलात?"

टेबे हसला आणि गुद्रुनला काचेच्या खोलीत घेऊन गेला. तिथे त्याने तिला नोकरीवरून काढल्याचा कागद दिला. वकिलाने सांगितलं की आजच सामान घेऊन जावं लागेल. गुद्रुनने कागद शेवटपर्यंत वाचला.

"आजचाच दिवस का निवडलात?" तिने विचारलं.

"आज निम्मी माणसं सुट्टीवर असतात. गोंधळ कमी होईल असं वाटलं," टेबे म्हणाला. प्रामाणिकपणे म्हणाला.

ती उठली, बाहेर आली आणि हॉलच्या मधोमध उभी राहिली. "बायांनो, मला काढलंय," ती म्हणाली. "त्या चौकोनातल्या टिकपायी. माझा कप आणि माझं झाड इथेच ठेवून जातेय. झाडाला पाणी घाला, कारण मी परत येणार आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुरहानने डोळ्यावरची पट्टी वर सरकवली, हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला. मग एका मधमाशीने ठेवला. मग ननने. एक-एक करत हॉलमधला प्रत्येक हेडफोन टेबलावर आला आणि फोन वाजत राहिले, एकाच वेळी, वेगवेगळ्या सुरांत.

"हे बेकायदेशीर आहे," वकील म्हणाला.

"आज अकरा अकरानंतर या गावात कुणी काम करत नसतं," नुरहान म्हणाली. "कायद्याचं सोमवारी बघू."

"सोमवारी मिरवणूक आहे!" नन मागून ओरडली.

"मग बुधवारी. कार्निव्हल संपला की कपाळाला राख लावून घ्यायला आपली नन चर्चमध्ये जाईल, तेव्हा विचारून येईल," नुरहान म्हणाली.

टेबेने हॉलवर नजर फिरवली. मग त्याने जे केलं ते गुद्रुन पुढेही कुणाला सांगताना त्याच्या बाजूने सांगायची. तो पहिल्या टेबलाशी बसला, हेडफोन डोक्याला लावला आणि फोन घेतला. सगळ्यांना त्याची एकट्याचीच बाजू ऐकू येत होती.

"नमस्कार, रेगाल... हो बाई... नाही, ती चूक नाही, ती हमी आहे... हो, तुम्ही घेतलीत... म्हणजे घेतली नाहीत, पण काढली नाहीत... तळाशी, करड्या अक्षरांत... नाही, तुम्ही वयस्कर आहात म्हणून मुळीच नाही... माझी आई? नाही, माझी आई इंटरनेट वापरत नाही... हो, परत करतो."

त्याने दुसरा फोन घेतला. तोही तसाच. तिसऱ्यात तो नुसता ऐकत राहिला, कान लाल होईतो. मग त्याने हेडफोन काढून नीट टेबलाच्या कडेला ठेवला, उभा राहिला, स्वेटर सारखा केला.

"टिक राहील," तो म्हणाला.

तो आणि वकील जिन्याने उतरत होते तेव्हा सगळ्या बायकांनी कठड्यावरून वाकून एका सुरात कार्निव्हलची आरोळी ठोकली, "कलोन अलाफ!" आणि खालच्या सुतारानेही, काय चाललंय ते न कळता, तेच ओरडून उत्तर दिलं.

पुढचे दिवस मात्र गाण्याबजावण्याचे नव्हते. गुद्रुन घरी बसली. सकाळी जाग यायची तेव्हा कुठे जायचं नाही हे आठवायला थोडा वेळ लागायचा. कॉटमानने आपला प्रोग्राम रेगालमधून काढून दुसऱ्या दुकानात नेला, आणि क्लबातल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन ज्याचे जास्तीचे पैसे गेले होते ते आधी स्वतःच्या पदरचे दिले. विणकामवाली गेली, ऑर्गनवाला गेला, आणखीही बरेच गेले. बाकीचे राहिले. काहींना वाटा गोड लागला, काहींना दुकान बदलायचा कंटाळा. पण जे गेले ते गप्प गेले नाहीत, आणि ईस्टरच्या सुमारास रेगालच्या जर्मन पानांवरची टिक एके दिवशी निघाली. कुणी जाहीर केलं नाही. नुरहानने फोन करून सांगितलं तेव्हा गुद्रुन रस्त्यातच फुटपाथवर थांबून खदखदून हसली. परदेशी गिऱ्हाइकांच्या पानांवर मात्र ती तशीच होती.

मे महिन्यात कामगार न्यायालयात तिचा खटला उभा राहिला. कंपनीच्या वकिलाने भरपाईची रक्कम पुढे केली. आकडा ऐकून गुद्रुनच्या युनियनच्या वकिलाने तिच्याकडे आशेने बघितलं आणि कानात म्हणाला, "घ्या. जिंकलात तरी तिथे तुमचं कोण स्वागत करणार आहे?"

"मला पैसे नकोत. मला काम हवंय."

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "क्लेफिशबाई, ज्यांनी तुम्हाला काढलं त्यांच्यातच परत जायचंय तुम्हाला?"

"ज्यांनी काढलं ते एक-दोन आहेत. बाकी तिथे माझीच माणसं आहेत."

गिऱ्हाइकाशी खरं बोलणं हे कंपनीचं नुकसान होऊ शकत नाही, असं काही न्यायालय म्हणालं नाही. ते म्हणालं की ताकीद देऊन इतक्या घाईने काढणं नियमात बसत नाही. गुद्रुनला तेवढं पुरलं.

ती कामावर हजर झाली त्या सकाळी टेबे तिला दारात भेटला. सभ्यपणे. तिचं जुनं टेबल आता दुसऱ्या कुणाचं होतं, पानाचा पासवर्ड तिला मिळणार नव्हता. "तुम्हाला फोनच्या हॉलमध्ये जागा दिलीय," तो म्हणाला. "परदेशी गिऱ्हाइकांचे फोन."

"माझं इंग्रजी वाईट आहे," गुद्रुन म्हणाली.

"हो, मला कल्पना आहे."

नुरहानच्या शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढून ठेवलेली होती. बायकांनी फार काही गाजावाजा केला नाही. एकीने कॉफी आणली, एकीने हेडफोनचा फोम नवा घालून दिला. पहिला फोन आयर्लंडमधून आला. कुणी म्हातारा गृहस्थ, आवाज खोल, बोलणं निवांत. त्याला एक प्रोग्राम घ्यायचा होता आणि पान समजत नव्हतं. गुद्रुनला शाळेतलं इंग्रजी आठवून आठवून, शब्दांवर शब्द रचत बोलावं लागत होतं.

"पान उघडलंय? छान. आता खाली जा. नाही, अजून खाली. अगदी तळाशी."

काचेच्या खोलीचं दार उघडलं. टेबे उंबऱ्यात उभा राहिला.

"एक चौकोन दिसतोय तुम्हाला?" गुद्रुनने विचारलं. "त्यात टिक आहे?"

"आहे की," म्हातारा म्हणाला. "ही कसली?"

गुद्रुनने खुर्ची वळवली, टेबेच्या बरोबर समोर. आवाज थोडा चढवला, म्हणजे त्यालाही नीट ऐकू जावा.

"तुम्ही न मागितलेल्या वस्तूची. काढा ती. काही घाई नाही, तुम्ही काढेपर्यंत मी फोनवर थांबते."